टिटवीच्या सुळक्याची वाट

“आणि मी न्हाई म्हनलं तर?” लहानूबाबांनी विचारलं.

“तर उद्या पुण्याहून बारा जण येतील आणि सुळका खालूनच बघून परत जातील,” ऋजुता म्हणाली.

बाबांनी मान वळवून सुळक्याकडे पाहिलं.

टिटवीचा सुळका नकाशात नाही. त्याची वाट गावातली दोन-चार जुनी माणसंच जाणतात. गावाचा रिवाज असा, की लहानूबाबा किंवा त्यांनी होकार दिलेला माणूस पुढे असल्याशिवाय परक्या माणसाने त्यावर चढायचं नाही. ऋजुता त्यांच्या मागून अकरा वेळा चढली होती. उद्या पहिल्यांदाच तिला स्वतः पुढे राहून माणसं न्यायची होती. फक्त बाबांचा होकार हवा होता.

तिने वही उघडून त्यांच्यासमोर धरली. पानभर सुळक्याचं चित्र होतं, आणि प्रत्येक पकडीला लाल शाईने आकडा दिलेला.

“डोळे मिटून सांगते, बाबा. चौथ्या पकडीला डावा हात, सातव्या खाचेत उजवा पाय…”

बाबांनी चित्र बराच वेळ पाहिलं.

“झ्याक काढलंयस. मला बी असं जमायचं न्हाई.” मग ते उठले. “चल, खालचा टप्पा चढून दाखीव.”

खालचा टप्पा दोन पुरुष उंच. तिथे कुणी दोर लावत नाही. ऋजुता सरसर चढली आणि वरच्या कट्ट्यावर पाय सोडून बसली.

मागून बाबा निघाले. सत्तरी ओलांडलेली, पाय अनवाणी. प्रत्येक पकडीवर आधी बोटाच्या पेराने टकटक. मग ऐकायचं. मगच हात ठेवायचा. त्यांचं हे वाजवणं ऋजुताने दर वेळी पाहिलं होतं. म्हाताऱ्या माणसाची सवय, असं समजून तिने ते वहीत लिहिलं नव्हतं.

“बाबा, आत कुणी राहतं का? दार उघडेना वाटतं!”

“बघतो की.”

टकटक… टकटक…

ढब.

बाबा थांबले. पुन्हा वाजवलं. ढब.

ती चौथी पकड होती. नुकताच ऋजुताने तिच्यावर सगळा भार टाकला होता.

बाबांनी दोन बोटं मागच्या फटीत घातली. दगड सैल दातासारखा बाहेर आला. तो छातीशी धरून त्यांनी हात लांब केला आणि वर तिच्या ओंजळीत दिला. नारळाएवढा दगड. मागची बाजू अजून पावसाने ओली होती.

मग बाबा डावीकडे वळले. तिच्या चित्रात तिथे काहीच नव्हतं. टकटक करून त्यांनी एका बारीक कंगोऱ्यावर पायाचा अंगठा टेकला, आणि उन्हासोबत सावली सरकावी तसे वर आले. त्यांचा श्वाससुद्धा वाढला नव्हता.

ऋजुता दगडाकडे बघत राहिली.

“अकरा वेळा धरलाय मी हा…”

“मी चाळीस वर्सं धरला.”

दगड कट्ट्यावर ठेवून ती आधी उतरू लागली. टकटक… थांबायची. पुन्हा टकटक… दोन पुरुष उंचीला अर्धा तास लागला.

“काय गं, झोपलीस व्हय?” बाबांनी वरून विचारलं.

तिचा कान कातळाला लागलेला होता.

खाली पोचली तेव्हा तिच्या बोटांची पेरं सोलली होती.

“बाबा, मला ही वाट येत नाही,” ती हळूच म्हणाली. “उद्या येऊ नका, असं कळवते सगळ्यांना.”

मागून उतरलेले बाबा एका दगडावर टेकून तळपायातला काटा काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“येऊ दे त्यांना,” ते म्हणाले. “तू पुढं हो. मी उद्या घरी हाय.”