गोजा लोहारीण आणि केरबाची रायफल

ही गोष्ट आंबेखोलची. कधी घडली ते कुणालाच नक्की सांगता येत नाही, पण फार वर्षं झाली. तेव्हा आंबेखोलला गाडीवाट नव्हती, आणि धुकं इतकं दाट उतरायचं की पाण्याला जाताना बायका एकमेकींचा पदर धरून चालायच्या.

त्या गावात गोजा नावाची लोहारीण होती. नवरा गेल्यावर भाता तिनेच चालवला. विळे, कुऱ्हाडी ती करायचीच, पण बंदूक बिघडली की सात गावचे शिकारी तिच्याकडे यायचे. ती बंदूक मांडीवर आडवी घ्यायची, नळीला कान लावायची आणि डोळे मिटून बसायची. नळीतून तिला रानाचा वारा ऐकू यायचा, असं म्हणतात.

त्या वर्षी गावावर बिबट्या आला. आधी दोन वासरं नेली, मग शेण गोळा करायला गेलेली एक बाई नेली. गावाची सगळी भिस्त केरबा ढेबेवर. केरबाकडे रायफल होती, आणि उडत्या पाखराच्या सावलीवरसुद्धा त्याची गोळी बसायची, असं म्हणतात. पण बिबट्या तीनदा समोर आला आणि तीनही वेळा गोळी डावीकडे वर गेली.

मग केरबाला आठवलं, की त्याची सून साळू रायफल ओलांडून गेली होती. साळूचं बाळ तीन महिन्यांचं. ते रडता रडता काळंनिळं पडलं म्हणून ती धावली, आणि वाटेत रायफल आडवी होती. झालं, गावाने ठरवलं की रायफल रुसली. ती ताळ्यावर येईपर्यंत साळूने बाळाला घेऊन ओढ्यापलीकडच्या खोपटात राहायचं. ओढ्यापलीकडेच बिबट्याची वाट होती. हे सगळ्यांना माहीत होतं.

साळू निघाली ती गोजाच्या दारावरून. गोजाने तिला आत बसवलं आणि केरबाला रायफल घेऊन बोलावलं.

"नेम चुकाया लागला, त्या टायमाला काय बदललं?" तिने विचारलं.

"साळूनं वलांडली."

"आनी काय?"

केरबाने रायफल तिच्या मांडीवर ठेवली, तिने नळीला कान लावला.

मग ओढ्याकाठच्या दरडीला गोजाने पळसाचं पान टोचलं आणि रायफल कोंड्याच्या पोत्यावर टेकवली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असा तिचा नेम. आधी काडतुसं बदलली आणि केरबाला चाप ओढायला लावला. गोळी डावीकडे वर गेली. मग नळी आतून पुसली. तरी गोळी तिथेच. तिने पुन्हा नळीला कान लावला, तसे बघायला जमलेले लोक हसायला लागले. एक म्हातारा म्हणाला, आमची म्हस बी दूध देत न्हाई, तिला बी कान लाव. गोजा म्हणाली, आण की, ती तुझ्यापरास खरं बोलंल.

आता हात बदलायचा. गोजाने साळूला पोत्यामागे बसवलं, तसे लोक चार पावलं मागे सरकले. गोजाने बाळ मांडीवर घेतलं, त्याचे दोन्ही कान तळव्यांनी झाकले. साळूने श्वास धरून चाप ओढला. तिची गोळी केरबाच्या गोळीशेजारी, चार बोटांवर बसली.

"रुसवा आसता तर गोळी कुठंबी भरकटली आसती, केरबा. ही दोघांच्या हातून एकाच जागी जाते. दुखणं बंदुकीच्या अंगात हाय."

तिने केळीच्या पानाची पट्टी फाडली आणि नळी अन् खालचं लाकूड यांच्या फटीत घालून ओढत नेली. पट्टी सरसर सरकली आणि मध्येच अडली. तिथे लाकूड फुगून नळीला टेकलं होतं आणि तिला डावीकडे वर ढकलत होतं.

मग केरबाला घोंगडी आठवली. मचाणावर त्याला पाऊस लागला होता, आणि त्याच ओल्या घोंगडीत त्याने रायफल तीन दिवस गुंडाळून ठेवली होती. साळूने ओलांडली ती चौथ्या दिवशी.

गोजाने काचेच्या तुकड्याने तेवढंच लाकूड खरवडलं. भुसा ओढ्यावरून पांढऱ्या पाकोळ्यांसारखा उडत गेला, आणि साळूचं बाळ ते बघत झोपी गेलं. पट्टी आता या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. केरबाने चाप ओढला, तर पान शिरेवरून उभं चिरलं. तेवढ्यात पलीकडचं धुकं बाजूला झालं. तिथे बिबट्या उभा होता. त्याने त्या पानाकडे पाहिलं, केरबाकडे पाहिलं, आणि हळूहळू डोंगर चढून गेला तो पुन्हा कधी उतरलाच नाही, असं म्हणतात.

केरबाने रायफल तिथेच ठेवली आणि बाळ उचललं. "घरला चल, पोरी," एवढंच तो म्हणाला. साळू पुढे आणि तो मागे, असे ते गेले.

गोजा मेली असं आंबेखोलला कुणी म्हणत नाही. एका सकाळी धुकं निवळलं तेव्हा भट्टी गरम होती आणि ती नव्हती, एवढंच सांगतात.

आजही तिथे बाळ रडायचं थांबेना तर कुणी आधी मीठमिरच्या ओवाळत नाही, की दारावरून कोण गेलं ते विचारत नाही. आई त्याला मांडीवर घेते, "गोजाआई, बघ गं," म्हणते आणि एकेक उलगडते. आधी टोपडं, मग कान, मग लंगोट, मग पायाची बोटं. बहुतेक वेळा एखादी मुंगी सापडते, नाहीतर बोटाला करकचून गुंडाळलेला आईचाच केस.