समस्त व्यापाऱ्यांचे दुःख

एकदा एक शिष्या गुंडाळलेले चित्र काखेत घेऊन आपल्या गुरूंकडे आली आणि उंबऱ्यावरच बसून राहिली. तिचे नाव शेवंता. जन्म डोंबाऱ्याच्या घरचा. आई दोरावर चालून खेळ करीत असे. शेवंता चित्रकला शिकली, आईचा तो दोर, ती ढोलकी, खाली जमलेली गर्दी तिने कॅनव्हासवर उतरवली आणि तिचे नाव झाले. शहरातल्या एका कापड-व्यापाऱ्याचे चित्रदालन होते. तो दरवर्षी तिचे प्रदर्शन भरवी आणि दारावर पाटी लावी: 'डोंबारी समाजाचा आक्रोश'.

यंदा मात्र तिने भावाचे चित्र काढले होते. कचेरीत जाण्यापूर्वी भाऊ खिडकीशी आरसा टेकवून दाढी करतो आहे, एवढेच.

"शेठजींना आवडलं नाही?" गुरूंनी विचारले.

"म्हणाले, यात तुमचा समाज कुठे आहे? दाढी करणारा माणूस काय, कुठल्याही घरात सापडतो." शेवंताचा आवाज चढला. "गुरुजी, वाटतं, मी कोण, कुठली, हे कोणाला सांगूच नये. सगळं पुसून टाकावं. नाहीतर जन्मभर मुकाट्याने दोर काढत बसावं."

गुरू म्हणाले, "तूर्त दोराचीच चित्रं लाव. उद्घाटनाला मी येतो."

शेवंता चकित झाली. गुरू कधी सभासमारंभांना जात नसत.

उद्घाटनाच्या संध्याकाळी दालन माणसांनी भरले. शेठजींनी ओळख करून दिली, "या शेवंताबाई. यांच्या मुखातून सगळा डोंबारी समाज बोलतो!" टाळ्या झाल्या. तोच गुरू उठले, शेठजींचा हात धरून त्यांना मधोमध उभे केले आणि म्हणाले, "मंडळी, हे आपले शेठजी. यांच्या मुखातून आता सगळा व्यापारी समाज बोलेल. बोला शेठजी, समस्त व्यापाऱ्यांचं दुःख सांगा."

लोक हसले. शेवंताला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

शेठजींनी घसा खाकरला. "आम्ही व्यापारी... म्हणजे लोकांना वाटतं, आम्हाला नफ्यापलीकडे काही दिसत नाही. पण आम्ही पहाटे उठतो, दिवसभर..."

"मी नाही उठत पहाटे," मागून एक सराफ म्हणाला. "माझ्या नावावर काही खपवू नका."

पुन्हा हशा. शेठजी गोरेमोरे झाले. "अहो गुरुजी, सगळ्यांचं मी कसं सांगणार? माझ्यापुरतं विचारा."

"बरं, तुमच्यापुरतं सांगा."

शेठजी म्हणाले, "जन्मभर साड्या विकल्या. दुकानात पाऊल टाकलेल्या बाईला काय शोभेल, ते मी न विचारता सांगतो. आई गेली, तिच्या अंगावर घालायला साडी काढावी म्हणून कपाट उघडलं, आणि तिला कोणता रंग आवडायचा, हेच मला ठाऊक नव्हतं."

आता कोणी हसले नाही. सराफाने मान खाली घातली.

परतीच्या वाटेवर शेवंता म्हणाली, "गुरुजी, चारचौघांत त्यांना असं उभं का केलंत?"

गुरू म्हणाले, "सगळ्यांच्या वतीने बोलू लागले, तेव्हा त्यांच्यातलाच माणूस त्यांना आपलं म्हणेना. स्वतःचं बोलले, तेव्हा परकेही आपले झाले. मुली, तुझं कूळ पुसू नकोस. ज्यांना लोकांनी माणसांत धरलं नाही, त्यांना आपलं कूळ मोठ्याने सांगावंच लागतं. पण पहिला दोर काढलास तेव्हा तुझ्या मनात आई होती. हल्लीचे दोर काढताना कोण असतं?"

"पाटी असते," शेवंता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने दोराची अलीकडची चित्रे स्वतःच्या हाताने भिंतीवरून काढून ठेवली. आईचे पहिले चित्र राहू दिले आणि त्याच्या शेजारी भावाचे चित्र टांगले. शेठजी येऊन त्या चित्रासमोर उभे राहिले. जवळ वाकून म्हणाले, "कानाखाली साबण राहिलाय त्याच्या."

"रोजच राहतो," शेवंता म्हणाली.

दुपारी प्रेक्षक येऊ लागले, तेव्हा दारावर पाटी नव्हती. एका गृहस्थांनी शेठजींना बाजूला घेऊन हळूच विचारले, "या बाई कोणत्या समाजाच्या?"

"त्या सांगतील ना," शेठजी म्हणाले, "आधी चित्र तर बघा."