काश्मीरच्या पडद्यामागे

फोटो काढायचा म्हणून माणसं नवे कपडे शिवत, त्या काळची गोष्ट. नरसूअण्णांच्या स्टुडिओत एक कॅमेरा होता आणि त्याच्यासमोर काश्मीर रंगवलेला पडदा. पुढे गिऱ्हाईक यायचं थांबलं.

"बघण्यासारखं काही उरलंच नाही," कॅमेरा कुरकुरायचा.

"मी आहे की!" पडदा म्हणायचा.

"तुझे डोंगर पाठ झालेत मला."

एका दुपारी दोरी तुटली आणि पडदा खाली पडला. मागच्या खिडकीपाशी अण्णा एकटेच सदऱ्याला बटण लावत बसले होते. दातांत दोरा, सुरकुतल्या हातांवर ऊन.

"अरे, इतकी वर्षं हे झाकून ठेवलंस?" कॅमेरा हळहळला. "अण्णा, दाबा खटका!"

पण खटका दाबणारं माणूसच फोटोत होतं. दुकानात दुसरं कुणीच नव्हतं.