अडतिसावर अडलेला सुयोग

"पण बाई, सेकंदाला साठ फ्रेम पडल्या नाहीत तर खेळण्यात अर्थच काय?"

सुयोगने कागद पुढे सरकवला. त्यावर अकरा वस्तूंची नावं होती. जुन्या कॉम्प्युटरचं डबडं तेवढं ठेवायचं, बाकी सगळं नवं.

कासारबाई आयटीआयमधून निवृत्त झालेल्या. बार्शीत दुरुस्तीचं दुकान चालवत. सुयोग त्यांच्याकडे काम शिकायला येई. बाजारातल्या प्रत्येक ग्राफिक्स कार्डाचा नंबर त्याला तोंडपाठ होता, आणि शेखी मिरवायला तेवढं पुरे होतं.

दिवाळीला वृषालीताई येणार होती. सुरतहून, दोन वर्षांनी, आणि अवघ्या दोन दिवसांसाठी. याच कॉम्प्युटरवर ही भावंडं गाड्यांची शर्यत खेळत वाढली. आता नव्या गाड्यांचा खेळ खेळायचा, असं तिनं फोनवर बजावलं होतं. तिच्यापुढे हे खटारं मांडायची सुयोगला लाज वाटत होती.

बाईंनी कागद शेवटपर्यंत वाचला. जवळच्या पैशांत त्यातलं एक मोठं कार्डसुद्धा बसत नव्हतं.

"नाकापेक्षा मोती जड," त्या म्हणाल्या आणि त्याच्या हातात ब्रश दिला.

पंख्यातून मूठभर धूळ निघाली. मग बाईंनी जुन्या हार्ड डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी बसवली, रॅम दुप्पट केली आणि एक सेकंडहँड कार्ड शोधून काढलं, जुन्या पॉवर सप्लायला झेपेल असं. थोडे पैसे उरलेही. ते ओवाळणीला ठेव म्हणाल्या.

खेळ सुरू झाला. गाडी झोकात पळाली. सुयोगचा चेहरा फुलला... मग त्याने पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा चालू केला. सेकंदाला चित्र किती वेळा पालटतं, ते तो आकडा दाखवतो.

अडतीस.

"बाई, अडतीसच."

"गाडी अडखळली का?"

"नाही... पण अडतीसच."

बाईंनी डबड्याचं झाकण लावून टाकलं.

पाडव्याला ताई एसटीतून उतरली ती थेट दुकानातच आली, कारण सुयोग अजून कॉम्प्युटर घरी न्यायला तयार नव्हता. तिनं बॅग कोपऱ्यात टाकली आणि दुसरा कंट्रोलर हातात घेतला.

शर्यत सुटली. ताई गाडीबरोबर स्वतःही वळत होती. सुयोगचे डोळे मात्र त्या कोपऱ्यात. एकेचाळीस... छत्तीस... त्याची गाडी दोनदा कठड्यावर आदळली.

ताईने खेळ थांबवला.

"दोन वर्षांनी आलेय मी. तू बघतोयस कुठं?"

सुयोगला फार वाईट वाटलं, आणि तरीही नजर एकदा आकड्याकडे गेलीच.

बाई उठल्या. वायरींना गुंडाळायच्या काळ्या टेपचा तुकडा त्यांनी दातांनी तोडला आणि पडद्याच्या कोपऱ्यावर चिकटवला. आकडा दिसेनासा झाला.

"खेळा."

पहिली दोन वळणं सुयोग चाचपडला. तिसऱ्या वळणावर ताईने त्याच्या गाडीला धक्का मारून तिला शेतात घातलं. त्याने मग तिच्याच कोपराला ढोसलं. लहानपणी दोघं असंच खेळत, आणि आई दोघांनाही बडवी. दुकानात आलेली गिऱ्हाइकं आपलं काम विसरून बाजू घेऊ लागली. सुयोग ओळीने चार वेळा हरला आणि हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका आनंद त्याला कैक दिवसांत झाला नव्हता.

निघायची वेळ झाली. ताई रिक्षा बघायला बाहेर गेली. मॉनिटर उचलता उचलता सुयोगमधला पंडित पुन्हा जागा झाला.

"बाई, खरं सांगा... हे कार्ड किती दिवस पुरेल?"

बाईंनी स्क्रू ड्रायव्हर जागच्या जागी ठेवला.

"तू टेप काढेपर्यंत."