मंजी मुंगीची टकटक

उसाच्या मळ्यालगत एक जुनं वारूळ होतं, तेव्हाची गोष्ट. गोड आलं की मंजी मुंगीनं दारोदार टकटक करायची, घरोघर दारं उघडायची, गोड आत जायचं, अळ्या बाळसं धरायच्या. उरलेलं अंगावर चरबी साठावी तसं कोठारात साठायचं.

पुढं शेजारी गुऱ्हाळ लागलं. गूळ दिवसभर येऊ लागला, मग मंजीची टकटकही दिवसभर. ऐकून ऐकून लोकांचे कान किटले, दारं उघडेनात. बोळात गुळाचा चिखल, कोठार फुटायला आलेलं, आणि बंद दारांआड अळ्या उपाशी.

"अजून जोरात ठोठाव," राणी म्हणाली.

"राणीसाहेब, आता होत नाही," एवढंच मंजी म्हणाली. वारुळाच्या तोंडाशी जाऊन तिनं गूळ वाहणाऱ्यांना परत फिरवलं आणि एका उंबऱ्याशी मटकन बसली.

तिसऱ्या दिवशी तेच दार किलकिलं झालं. आतली मुंगी म्हणाली, "मंजे, थांबलीस होय? तरीच. आत्ता कुठं आमच्या अळ्यांचं रडणं ऐकू आलं."