न सांगता बंद झालेलं यंत्र

"सगळं जागच्या जागी असताना हा रोज नव्याने का तपासत बसतो, बुवा?"

नागोबुवा मठाच्या ओसरीवर वाल सोलत होते. "कोण रे?"

"तुमचा कॉम्प्युटर!" मठाची चूल आणि यंत्रं दोन्ही सांभाळणारा अच्युत चिडून म्हणाला.

मठातली जुनी कीर्तनं त्यात होती. आत दोन डिस्क, जुळ्या बहिणींसारख्या. एकीवर जे, तेच दुसरीवर. रात्री तो माडीवर कुलपात, दिवसा खाली. पण बंद करून पुन्हा चालू केला, की दोघींना पहिल्यापासून ताडून बघे. तोवर आवाज अडखळे.

काल सुंद्राबाई आल्या होत्या, गेलेल्या नवऱ्याचं कीर्तन ऐकायला. शब्द तुटत तुटत आले.

"हे असं बोलत नसत," एवढंच त्या म्हणाल्या.

आज चारची त्यांची परतीची एस.टी. रात्रभर माडीवर चालून तपासणी पुरी झाली होती खरी; पण खाली आणायचा तर बंद करणं आलं.

"डिस्क बदलल्या, वायरी बदलल्या. आता यंत्रच बदलतो!"

"आणि बदलणारा?"

अच्युत ताडकन उठला आणि चालता झाला.

फाटकाशी आठवलं, चष्मा राहिला. तो परतला.

बुवा स्वयंपाकघरात एकेक झाकण उचलून बघत होते. चूल पाहिली. मागच्या दाराची कडी पाहिली.

"काय हरवलं?"

"काही नाही."

"मग?"

"तू न सांगता गेलास. काही अर्धं टाकून गेलास का, बघतोय."

"अहो, सगळं जिथल्या तिथे आहे!"

"हो ना... पण ते मला आत्ता कळलं."

"म्हणजे तोही न सांगताच बंद होतो..." अच्युत पुटपुटला.

मग चष्मा डोळ्यांवर चढवून माडीवर धावला. बंद होताना काय होतं, त्याची यंत्राने ठेवलेली नोंद आज प्रथमच नीट वाचली. कीर्तन वाजवणारा प्रोग्राम शेवटपर्यंत डिस्कना धरून बसे. त्या उघड्याच राहत आणि वीज तुटे!

त्याने आधी प्रोग्राम थांबवला. मग डिस्क रीतसर बंद केल्या. 'काम पुरं' अशी खूण त्यांच्यावर पडू दिली. मगच यंत्र बंद केलं, उराशी धरून खाली आणलं, चालू केलं.

तपासणी नाही!

सभामंडपात आवाज घुमला, सलग, खणखणीत. सुंद्राबाईंनी पदर तोंडाला लावला. "हेच की हो... हेच!"

"बुवा, जमलं! गाडी थांबवून ठेवतो, पुरतं ऐकू दे त्यांना!" अच्युत ओसरीवरून उडी मारून सुटला.

फाटकाशी थबकला. वळला.

"बुवा... येतो."

ओसरीवर पुन्हा सोलायला बसलेल्या बुवांनी वालावरची नजरही उचलली नाही.

"ये."