पडद्यापलीकडची क्रूझर

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. शाळा आठवीत सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत.

"चाचा, माझी क्रूझर मोठी की परशाची?"

इस्माईलचाचांनी रंधा खाली ठेवला. नौदलाच्या गोदीत त्यांनी तीस वर्षं जहाजांचे लाकडी नमुने केले होते. आता दाभोळच्या खाडीकाठी त्यांची शेड होती, आणि शिकणारे आम्ही दोघंच, परशा आणि मी.

नौदलाच्या संग्रहालयाला एक कारागीर हवा होता. चाचा एकच नाव कळवणार होते. चार महिन्यांत प्रत्येकाने आपल्या मनाचं जहाज करायचं. मध्ये जुन्या शिडाचा पडदा. पलीकडे डोकवायचं नाही.

"परशाची पाहिलीस?"

"नाही... पण त्याने फळीवर साडेचार फुटांची खूण करून ती आत नेली. म्हणून मी पाच फुटी केली."

"आणि हीच जात का निवडलीस?"

"परशा क्रूझर करतोय असं कानावर आलं. ही मोठी क्रूझर. बारा इंची तोफा. साध्या क्रूझरला गाठून बुडवते."

चाचा हसले. "म्हणजे परशाला बुडवायला!"

माझे कान तापले. खोटं बोलता आलं नाही. परशाचा हात माझ्यापेक्षा हलका होता. रात्री अंथरुणातही मला त्याच्या कानशीचा आवाज ऐकू यायचा.

"दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ही कोणासाठी बांधली होती?"

"शत्रूच्या क्रूझर मारायला. जपान तसल्या मोठ्या क्रूझर बांधतोय, अशीही बातमी होती."

"बांधत होता?"

"...नाही. ती नुसती आवई होती."

"मग?"

"मग अमेरिका बांधतेय असं ऐकून जपानने खरंच आराखडे काढले."

"आणि लढाई झाली दोघांची?"

"नाही. जपानची कागदावरच राहिली. अमेरिकेची दोन तयार झाली, ती विमानवाहू जहाजांची राखण करत फिरली."

चाचा उठले. पडद्याची दोरी सोडली. शिड खाली आलं.

पलीकडे जहाज नव्हतं.

फळी होती, कोरी. तिच्यावर पेन्सिलीने साडेचार फुटांची खूण, ती खोडलेली. मग पाचाची, तीही खोडलेली. पुढे साडेपाच. आणि कोपऱ्यात परशा, हातात पट्टी घेऊन, माझ्याकडे बघत.

"तू सहा करणार होतास ना?" तो म्हणाला. "चहावाला सांगत होता."

...

मला हसू आलं, आणि लगेच हावही सुटली. चार महिने संपले होते. त्याच्याकडे काहीच नव्हतं.

"चाचा, मग नाव कोणाचं?"

"ज्याचं जहाज तयार, त्याचं."

"माझं तयार आहे!"

चाचांनी माझ्या पाच फुटी क्रूझरवरून बोट फिरवलं, पुढच्या नाळेपासून मागच्या वरव्यापर्यंत. कुठे खडबडीत लागलं नाही.

"हे परशाचं," ते म्हणाले. "तुझं कुठाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेप घेऊन बंदरावर गेलो आणि नमुन्यासाठी वडिलांची होडी मोजायला लागलो.

"काय रे, विकायला काढलीस?" वडील म्हणाले.

मी नाही म्हटलं, आणि टेपचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं.